आकडा नसलेली वाक्यं: पोस्टग्रेसच्या मराठी पानांची सप्टेंबर ते नोव्हेंबरची नोंद

मंडळी, पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची मराठी माहितीपानं आम्ही तिघं सांभाळतो. मी सांगलीत, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबाचं सॉफ्टवेअर बघतो. एक मित्र मिरजेचा. आणि विट्याच्या ताई, त्या कॉलेजात डेटाबेस शिकवतात. काम सगळं रात्रीचं आणि रविवारचं. या तीन महिन्यांत बरंच काही हलवलं, म्हणून ही सविस्तर नोंद.

आधी सोपं काम. २५ सप्टेंबर २०२५ ला पोस्टग्रेसची आवृत्ती १८ आली. मेजर, म्हणजे नव्या सोयींची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मायनर, म्हणजे नुसत्या दुरुस्त्यांच्या आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. माझ्या कॅलेंडरवर हे चार गुरुवार लाल पेनानं गोल केलेले असतात आणि शुक्रवारी सकाळी यार्डात सौदे सुरू व्हायच्या आधी मी पानावरचा आवृत्त्यांचा तक्ता बदलतो. १३ नोव्हेंबरच्या हप्त्यात १८.१, १७.७, १६.११, १५.१५, १४.२० आणि १३.२३ आल्या. त्याबरोबर १३ ची मुदत संपली, तिची ओळ तक्त्यात खाली नेऊन करड्या रंगात टाकली.

मात्र त्या ओळीत ‘अंतिम’ हा शब्द मी लगेच लिहिला नाही. १४ नोव्हेंबर २०२४ ला १२.२१ आली, तेव्हा मी उत्साहानं ‘१२ ची अंतिम आवृत्ती’ असं लिहून मोकळा झालो होतो. त्या हप्त्यातल्या एका बदलामुळे काही एक्स्टेन्शन, म्हणजे पोस्टग्रेसला जोडायची पूरक सॉफ्टवेअरं, मोडण्याची भीती होती, रोलच्या (युजरच्या खात्याच्या) सेटिंगमध्येही एक बिघाड निघाला. आठवड्यात, २१ नोव्हेंबरला, सगळ्या आवृत्त्या पुन्हा निघाल्या आणि १२ ची खरी शेवटची ठरली १२.२२. आमचं पान तोपर्यंत चार ठिकाणी उतरवून घेतलं गेलं होतं. तेव्हापासून आम्ही दोन आठवडे थांबतो, मगच तो शब्द लिहितो.

एक दुरुस्ती मात्र कायमची झाली. पूर्वी ‘सध्याची आवृत्ती १६’ असं वाक्य नऊ पानांत हातानं लिहिलेलं होतं. आता आवृत्ती, तारीख आणि मुदत एकाच फाइलीत आहेत, पानं तिथून उचलतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी हे बदललं. मिरजेच्या मित्रानं एक ओळ बदलली आणि नऊच्या नऊ पानं एकदम १८ दाखवू लागली, तेव्हा आम्ही दोघं बराच वेळ नुसती पानं उघडून बघत बसलो होतो.

खरी झुंज झाली ती ज्या वाक्यांत आकडाच नाही, त्यांच्याशी. आकडा जुना झाला की शोधता येतो. ‘नवीन युजर तयार करा, त्याला डेटाबेसवरचे सगळे अधिकार द्या आणि टेबल बनवा’ हे वाक्य कसं शोधणार? ते १४ वर बरोबर होतं. ताईंच्या वर्गातल्या एका मुलीनं सप्टेंबरमध्ये आमचंच पान समोर ठेवून हे केलं, आणि तिसऱ्या पायरीला ‘परमिशन डिनाईड फॉर स्कीमा पब्लिक’, म्हणजे पब्लिक स्कीमात परवानगी नाही. (स्कीमा म्हणजे डेटाबेसच्या आतला टेबलांचा कप्पा; पब्लिक हा मुळातच असलेला.) तिनं दोनदा सगळं काढून पुन्हा बसवलं. स्वतःचंच टायपिंग चुकतंय असं तिला वाटत होतं.

चूक आमच्या पानाची होती. आवृत्ती १५ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून, पब्लिक स्कीमात टेबल बनवण्याचा अधिकार सगळ्यांना आपोआप मिळत नाही. डेटाबेसवरचे सगळे अधिकार दिले तरी त्यात जोडणी करणं, नवी स्कीमा बनवणं आणि तात्पुरती टेबलं एवढंच येतं. पब्लिकमध्ये टेबल बनवणं त्यात नाही. आता आम्ही पायरीच बदलली आहे: आधी युजर तयार करायचा, मग डेटाबेस बनवतानाच ‘ओनर’ म्हणून त्याचं नाव द्यायचं. १५ पासून पब्लिक स्कीमा डेटाबेसच्या मालकाकडे असते, त्यामुळे पुढे काही अडत नाही. शिवाय एक टीप: जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करून आणलेल्या डेटाबेसमध्ये जुनेच अधिकार राहतात. ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं सांगणारे बहुतेक जण तिथले असतात. तीन वर्षं ते पान चुकीचं होतं आणि कोणी त्याला हातही लावला नव्हता, ही गोष्ट मला फार लागली.

मग ठरवलं की १८ साठी प्रत्येक पायरी स्वतः करूनच बघायची. अपग्रेडच्या पानावर लगेच सापडलं. ‘इनिटडीबीनं नवा क्लस्टर तयार करा आणि पीजी-अपग्रेड चालवा’ असं आमचं साधं वाक्य होतं. (क्लस्टर म्हणजे एका सर्व्हरचे सगळे डेटाबेस मिळून; इनिटडीबी तो तयार करतं, पीजी-अपग्रेड जुन्यातला डेटा नव्यात आणतं.) लॅपटॉपवर १७ चा चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचा पडताळा-आकडा) नसलेला क्लस्टर घेतला, शेजारी १८ चा नवा केला आणि आधी नुसती तपासणी चालवली. नकार मिळाला: जुन्या क्लस्टरमध्ये डेटा चेकसम नाहीत, नव्यात आहेत. १८ मध्ये इनिटडीबी चेकसम मुळातच चालू ठेवतं आणि दोन्ही बाजूंना सारखं असल्याशिवाय पीजी-अपग्रेड पुढे जात नाही. पानावर आता दोन्ही वाटा लिहिल्या आहेत. एक, नवा क्लस्टर चेकसम बंद ठेवून बनवा. दुसरी, जुना सर्व्हर बंद करून पीजी-चेकसम्स या साधनानं त्यातच चेकसम चालू करा. मी दुसरी सुचवतो. वेळ लागतो, कारण डेटाचा प्रत्येक ब्लॉक वाचून पुन्हा लिहावा लागतो, पण डिस्कनं चुपचाप डेटा खराब केला तर निदान कळतं तरी. बॅकअप आधी घ्यायचा, हे पानावर ठळक केलं आहे.

तपासल्याची तारीख प्रत्येक पायरीखाली टाकायची ही सूचना ताईंची. सांगलीकरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी मोबाईलवर फिरत असते, इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ ला. ‘पाणी ४१ फूट’ एवढंच लिहिलेला निरोप आला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘किती वाजताची?’ वेळ नसेल तर आई तो निरोप धरतच नाही. आमच्या पायऱ्यांखाली आता लहान अक्षरांत असतं: ‘तपासलं १६ नोव्हेंबर २०२५, आवृत्ती १८.१, उबंटू २४.०४’. जिथं तपासलं नाही तिथं ‘१८ वर तपासलेलं नाही’ असं स्पष्ट लिहितो. आत्ता अशा सात पायऱ्या उरल्या आहेत.

त्यातली एक पासवर्डची. एमडी५ या जुन्या पद्धतीनं साठवलेले पासवर्ड १८ मध्ये अजून चालतात, पण ते पुढे काढणार असल्याची सूचना आहे. आमच्या जोडणीच्या पानावर अजून जुना एमडी५ चा नमुना आहे. तिथं स्क्रॅम ही नवी, जास्त सुरक्षित पद्धत टाकायची आणि जुने पासवर्ड नव्यानं सेट करण्याची पायरीही लिहायची. हे डिसेंबरमध्ये मी घेतो.

उरलेल्या सहा पायऱ्या विंडोजवरच्या आहेत आणि आमच्या तिघांकडेही विंडोज नाही. १२ फेब्रुवारीच्या हप्त्याआधी कोणाकडे विंडोज ११ चं रिकामं मशिन आणि एक रविवार असेल, तर कळवा. पायऱ्या मी पाठवतो. जिथं अडाल तिथला स्क्रीनवरचा संदेश जसाच्या तसा हवा.