सलाइनच्या नळीचा तुकडा

मे महिना, दुपारचे दोन. नागपूरच्या उन्हात नंदनवनची ती गल्ली सामसूम होती. काकांचं तोंडाचं ऑपरेशन झालं होतं, खर्र्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारीपायी. नाकातून राइल्स ट्यूब, म्हणजे थेट पोटात अन्न पोचवणारी नळी. अशा नळीतून अन्न द्यायचा फीडिंग सेट आमची टीम बनवते. त्याची घरी चाचणी चालू होती, डॉक्टरांच्या परवानगीनं. मी पाचव्या दिवशी बघायला गेले.

आमच्या सेटची पिशवी, धार कमी-जास्त करायच्या चकरीसकट, खिडकीच्या गजाला कोरडीच लटकत होती. काकू सिरिंजनंच देत होत्या. ५० मिलीची सिरिंज, दांडा काढलेला, डाव्या हातात उंच धरलेली. काकांच्या पाठीशी तीन उशा. उजव्या हातानं त्या मुगाचं पाणी ओतत होत्या, सुती फडक्यातून दोनदा गाळलेलं. सिरिंज रिकामी होत आली की वाटी ठेवायची, नळी बोटांत दुमडायची, म्हणजे पोटात हवा जात नाही. मग पुन्हा वाटी उचलायची.

"पिशवी नाही वापरली, काकू?"

"तुमच्या चकरीले दोन हात लागते जी. अन् डाळीचं पाणी अडकून राह्यते तिच्यात. सिरिंजमधून कसं, दिसते तरी."

मग माझी नजर सिरिंजच्या टोकाकडे गेली. सिरिंज आमच्याच सेटमधली. तिचं टोक काकांच्या नळीच्या जुन्या, नरसाळ्यासारख्या तोंडात बसत नव्हतं. काकूंनी मध्ये सलाइनच्या नळीचा तुकडा कापून बसवला होता आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली होती.

माझ्या पोटात गोळा आला. ते टोक सलाइनला बसू नये म्हणूनच तसं बनवलेलं असतं. वॉर्डात एकाच पेशंटला तीन-चार नळ्या असतात, अन् पोटात जायचं दूध शिरेत गेलं तर माणूस दगावू शकतो. त्यासाठीच २०१६ साली आयएसओ ८०३६९-३ हे अशा टोकांचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. आम्ही ते काटेकोर पाळलं होतं. पण जुन्या नळीचा पेशंट घरी काय करेल, हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत निघाला नव्हता. आज घरात सलाइन नाही, म्हणून धोका नाही. उद्या काका पुन्हा भरती झाले आणि हा तुकडा लावलेली सिरिंज सोबत गेली तर?

काकूंची यात काही चूक नव्हती. नवरा उपाशी असताना जे हाताशी होतं त्यातून त्यांनी वाट काढली. जोड द्यायचं काम आमचं होतं.

नंतर सिंकपाशी त्यांनी सिरिंज धुतली. पाच दिवसांत छापलेल्या रेषा पुसट झाल्या होत्या. काकूंनी ५०च्या जागी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली होती. तिचा मी फोटो काढला.

बॅगेत जुन्या नळीला चालणारा एक जोड होता. तो मी स्वतः बसवला, सलाइनचा तुकडा त्यांना विचारून काढून घेतला. हिंगण्याला टीमकडे परतले तेव्हा पाच वाजून गेले होते. कुलर चालू करायच्या आधी तो तुकडा, चिकटपट्टीसकट, टीमसमोर टेबलावर ठेवला. रात्री नऊपर्यंत आम्ही तीनच गोष्टींवर बसलो: प्रत्येक सेटला दोरीनं बांधलेला जोड, एका अंगठ्यानं बंद होणारी चिमटी आणि सिरिंजवर न पुसणारे, उठावाचे आकडे.