लक्ष्मीबाईंनी घरचं कसं लिहिलं

‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र पुन्हा हातात घेतलंय. घरच्या माणसांबद्दल लिहावं कसं, हे त्यांना विचारायला. आईवर लिहायचं फार दिवस मनात आहे, पण चार ओळींत एकतर तिची देवी होते, नाहीतर सगळी तक्रारच उतरते.

लक्ष्मीबाईंना तक्रारीला काय कमी होतं! 1868चा जन्म, माहेरच्या मनकर्णिका गोखले, लग्न झालं तेव्हा जेमतेम अकरा वर्षांच्या. वडिलांना सोवळ्याचं असं वेड की सगळं घर त्या धाकात. पुढे नवरा मिळाला नारायण वामन टिळक. मोठा कवी, देणारा हात, आणि तितकाच तापट. न सांगता घर सोडून जायचे. 1895च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई नातलगांकडे, पदरात लहानगा मुलगा दत्तू. त्यानंतरची काही वर्षं ताटातुटीची. मग त्या टिळकांकडे गेल्या, तरी सुरुवातीला स्वयंपाक आणि पाणी वेगळंच ठेवलं. मन हळूहळू, स्वतःशी वाद घालत पालटलं आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

एवढं सोसलेल्या बाईनं लिहायला बसावं आणि पानापानावर आपल्याला हसू यावं, हे मला अजून नीट उमगत नाही. हसवता हसवता दुःख झाकलंय, असंही कुठे वाटत नाही. ताटातुटीचं लिहितात तेव्हा पोटात तुटतंच. बहुधा गुपित यात असावं: टिळकांचा संताप लिहिताना त्या स्वतःचा हट्टही तितक्याच मोकळेपणानं लिहितात. भांडणात दोघंही दिसतात. टिळकांना त्या माफ करत बसत नाहीत की आरोपीही करत नाहीत. ते जसे होते तसे घरात वावरतात, चिडतात, असेल ते वाटून टाकतात, बायकोला वाचायला शिकवतात. नगरच्या घरी राहिलेले बालकवी ठोमरेही असेच घरचे होऊन येतात.

भाषा तर बोलण्यातलीच. शाळेचं शिक्षण नव्हतं म्हणून ती तशी राहिली, असं म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. नेमकं कुठे थांबायचं हे कळायला फार तयार कान लागतो, आणि तो त्यांना होता.

1919 साली टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पुरं केलं. ज्या माणसावर रागवायचा एवढा हक्क होता, त्याचं राहिलेलं काव्य हाती घ्यायचं! आठवणींचा पहिला भाग आला 1934 साली, साठी उलटून गेल्यावर. 1936 साली त्या गेल्या. शेवटचा भाग त्यांच्या मागे निघाला.

उद्या आईचा तो लांबलेला अबोला लिहायला घेणार आहे. तो कशावरून सुरू झाला ते, आणि त्या दिवशी मी तिला काय उत्तर दिलं होतं, तेही.