‘पुट ऑफ’: आधी कर्ता-कर्म बघायचं, मग अर्थ

या खेपेला इंग्रजीतली नवी फ्रेझल व्हर्ब (क्रियापदाला ‘ऑफ’, ‘डाउन’ असा छोटा शब्द जोडून होणारी, वेगळा अर्थ देणारी जोडी) घेतली नाहीत. एकट्या ‘पुट ऑफ’ला धरून बसलोय, आणि ते आता बोलण्यात आपसूक यायला लागलंय, म्हणून ही नोंद.

कोशात याचे अर्थ एकाखाली एक असतात: पुढे ढकलणं, टोलवणं, मन उडवणं. नुसते पाठ करून ते डोक्यात राहत नाहीत. मी अर्थाच्या आधी कर्ता आणि कर्म बघायला लागलो, तेव्हा गुंता सुटला. कर्म म्हणजे एखादं काम किंवा कार्यक्रम असेल, तर ते पुढे ढकललंय: ‘दे पुट ऑफ द मीटिंग टिल मंडे.’ कर्ता माणूस आणि कर्मही माणूस असेल, तर बहुतेक वेळा सबबी सांगून टोलवणं चाललंय: ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ.’ आणि कर्त्याच्या जागी वास, किंमत, बोलण्याचा सूर असं काही असेल, तर माणसाचं मनच उडालंय: ‘द स्मेल पुट मी ऑफ.’ वाचताना ही कसोटी फार उपयोगी पडते. ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण या तिसऱ्या अर्थातलंच.

खरी गंमत शब्दांच्या जागेत आहे. ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालतं. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पुट इट ऑफ.’ ‘पुट ऑफ इट’ कोणी म्हणत नाही. हा नियम कानाने पटकन बसतो. मोठ्याने म्हणून बघा: ‘इट’ हलकं होऊन ‘पुट’ला चिकटतं आणि जोर ‘ऑफ’वर येतो. शेजारी ‘लुक ॲट इट’ म्हणा. इथे जोर ‘लुक’वर, ‘ॲट’ पार दबलेलं, आणि ‘इट’ त्याच्या मागेच. जे जोराने उच्चारलं जातं ते ‘ऑफ’ कर्माला मध्ये घेतं. दबलेलं ‘ॲट’ घेत नाही. माझ्या मते फ्रेझल व्हर्ब डोळ्यांपेक्षा कानाने शिकावीत, ती यासाठीच.

पुढे क्रियापद जोडायचं असेल तर ‘-इंग’ लावूनच: ‘आय पुट ऑफ कॉलिंग हिम.’ भूतकाळी रूपही ‘पुट’च, त्यामुळे काळ आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायचा.

‘कॉल ऑफ’शी मात्र गल्लत नको. सामना ‘पुट ऑफ’ झाला तर तो नंतर होणार असतो; ‘कॉल ऑफ’ झाला म्हणजे रद्द. आता हीच कर्ता-कर्माची कसोटी ‘टर्न डाउन’ला लावून बघतोय. आवाज ‘टर्न डाउन’ केला तर कमी केला, प्रस्ताव केला तर नाकारला, इतकं तरी जमतंय. कोणी ‘टेक ऑफ’ला लावून पाहिली असेल तर उदाहरणांसकट जरूर कळवा.