आमची वाटचाल : तान्ह्या बाळांच्या मेंदूज्वरातील दुर्मीळ विषाणूंचा शोध

पुण्यात आमची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा डेंग्यू, हिपॅटायटिस आणि क्षयरोग यांच्या पीसीआर तपासण्या (नमुन्यातील जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या) हेच आमचे मुख्य काम होते. पुढे बालरोगतज्ज्ञांकडून तान्ह्या बाळांच्या पाठीच्या कण्यातील पाण्याचे, म्हणजे सीएसएफचे, नमुने येऊ लागले. त्यांपैकी काहींत जिवाणू वाढत नसत, एन्टेरोव्हायरस या मेंदूज्वर करणाऱ्या नेहमीच्या विषाणूगटाची तपासणीही निगेटिव्ह येई, आणि बाळ मात्र तापाने फणफणलेले, दूध न ओढणारे, नुसता हात लावला तरी कळवळणारे असे.

अशा बाळांमध्ये पॅरेकोव्हायरस शोधलाच पाहिजे, असे आमचे मत झाले. हा विषाणू पूर्वी एकोव्हायरस 22 आणि 23 या नावांनी एन्टेरोव्हायरसांतच मोजला जाई. परंतु त्याची जनुकीय रचना इतकी वेगळी आहे की एन्टेरोव्हायरससाठी बनवलेले प्रायमर, म्हणजे पीसीआरमध्ये विषाणूचे जनुकीय द्रव्य ओळखून त्याला चिकटणारे छोटे तुकडे, त्याला पकडत नाहीत. जपानमधील संशोधकांनी 2004 मध्ये वर्णन केलेला त्याचा तिसरा प्रकार विशेषतः तीन महिन्यांच्या आतील बाळांना गंभीर आजारी करतो, आणि तरीही सीएसएफमधील पांढऱ्या पेशी बहुधा वाढलेल्या नसतात. म्हणूनच पेशी नॉर्मल आहेत एवढ्यावरून विषाणूची तपासणी टाळायची नाही, हा नियम आम्ही केला आणि आमच्या सर्व निर्णयांत मी त्यालाच सर्वाधिक महत्त्व देतो.

तान्ह्या बाळाचा नमुना अगदी थोडा असतो. त्यामुळे एकदाच वेगळ्या केलेल्या जनुकीय द्रव्यातून हर्पिस सिम्प्लेक्स, एन्टेरोव्हायरस आणि पॅरेकोव्हायरस या तिन्हींची तपासणी बसवण्यात आमची बरीच शक्ती खर्ची पडली. हर्पिसचा निकाल आम्ही सर्वांत आधी कळवतो, कारण त्यावर असायक्लोव्हिर हे औषध आहे आणि त्यात उशीर घातक ठरतो. पॅरेकोव्हायरसवर खास औषध नाही. पण जिवाणूसंसर्ग नाही याची डॉक्टरांना खात्री पटली की अँटिबायोटिक वेळेवर थांबवता येते, आणि मेंदूच्या श्वेतद्रव्याला (चेतातंतूंनी बनलेल्या भागाला) इजा झाली आहे का हे एमआरआयने पाहून बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवता येते.

आमच्या अहवालात नुसते ‘विषाणू निगेटिव्ह’ असे कधीही लिहिले जात नाही. कोणते विषाणू शोधले, हे नावानिशी दिले जाते. शौचाचा नमुनाही आम्ही स्वीकारतो. मात्र पॅरेकोव्हायरस शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून तो केवळ तेथे सापडल्याने मेंदूज्वराचे कारण सिद्ध होत नाही, अशी नोंद आम्ही त्या अहवालावर आवर्जून करतो.