मिग-२१ एफएल, १/७२ : चंदेरी रंग चढला, डिकल बाकी

नाशिकजवळ ओझरला एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्सने) बांधलेल्या मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाचं हे ७२ पट लहान प्लॅस्टिकचं मॉडेल. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ७.१५ मीटर, इथे जेमतेम १० सेंटिमीटर. कॅमोफ्लाज नाही, उघडा धातू. सगळा त्रास तिथेच, कारण चंदेरी रंग काही झाकत नाही.

नाकातल्या शंकूत वजन भरलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसतं. मासेमारीच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या पुरतात. किती, ते आधीच पाहायचं: सगळे भाग टेपने चिकटवून मुख्य चाकांच्या रेषेखाली पेन्सिल आडवी धरायची, नाक ठामपणे खाली गेलं पाहिजे. गोळ्या इपॉक्सीने बसवा. फेव्हिक्विकची वाफ बंद फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) कोंडते आणि कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाला, आतून पांढरी साय धरते. एकदा सगळं चिकटलं की तिथे बोट पोचत नाही.

फ्यूजलाजचे दोन अर्धे जोडताना प्लॅस्टिक विरघळवून जोडणारं पातळ सिमेंट फटीतून धावत बोटाखाली शिरतं आणि विरघळलेल्या प्लॅस्टिकवर बोटाचा ठसा उमटतो. घाईने पुसलं की ठशाचा ओरखडा होतो. हात लावू नका. २४ तास वाळू द्या, मग ४०० चा पॉलिश पेपर, पुढे ८००, १५००, २०००, सगळे ओले.

पुट्टीचं दुखणं वेगळं. आज घासून सपाट केलेली फट आठवड्याने रंगाखाली पुन्हा दिसते. पुट्टीतलं सॉल्व्हंट उडत राहतं आणि पुट्टी आक्रसते. पाठीवरच्या लांब सांध्याला म्हणून काळं सुपरग्लू बरं. मात्र तासाभरात घासायचं. रात्रभर ठेवलंत तर ते प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं, आणि घासताना सांधा उंच राहून बाजूचं प्लॅस्टिक खाली जातं.

अस्तर चकचकीत काळं, लॅकरचं. इनॅमल पुरतं मुरलेलं नसताना वर लॅकर मारलं तर रंग सुरकुततो, आणि मग उतरवण्यावाचून इलाज नाही. अस्तर हाताला वाळूसारखं खरखरीत लागलं तर रंग हवेतच वाळतोय असं समजा: एअरब्रश (रंग फवारायचं पेन) ५-७ सेंटिमीटरवर आणा, दाब १५ पीएसआयच्या खाली ठेवा, थिनरमध्ये थोडं रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला. खरखर २००० च्या पेपरने मोडून पुन्हा एक हात. हे कंटाळवाणं आहे, पण चांदीची चमक काळ्याच्या गुळगुळीतपणावरच ठरते.

शेपटीकडची पॅनेल गडद छटेत करताना मास्किंग टेप थेट लावू नका, खालची चांदी सोलून येते. आधी दोन-तीनदा काचेवर चिकटवून टेपचा चिकटपणा मारा. तळहातावर नको, त्वचेचं तेल टेपला लागतं.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा, नेहमी चकचकीत थरावर. खाली हवा अडकून कडा रुपेरी दिसल्या तर बारीक सुईने टोचून डिकल मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा थेंब सोडा. सुरकुती आली तरी बोट लावू नका, वाळताना ती बसते.

शेवटचं वार्निश पावसाची झड ओसरल्यावरच. दमट हवेत स्प्रे मारला की थर दुधी होतो, आणि काळा-चंदेरी अशा रंगांवर तो लपत नाही.

पिटो नळी, म्हणजे वेग मोजण्यासाठी पुढे आलेली काडी, सगळ्यात शेवटी. एफएलची ती नाकाच्या हवा आत घेणाऱ्या तोंडावर, वरच्या बाजूला मधोमध असते. मिग-२१ च्याच नंतरच्या बिस प्रकाराची उजवीकडे सरकलेली, संदर्भाचे फोटो पाहताना गल्लत होते. किटमधली प्लॅस्टिकची काडी स्प्रूवरून (सुटे भाग जोडलेल्या चौकटीवरून) कापतानाच तुटते. जाड इंजेक्शनच्या सुईत बारीक सुई बसवली की काम भागतं.