अडवून भागत नाही, म्हणून मोडायचं

रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत मी काम करते हे ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्न ठरलेला: रोग वाढवणारं प्रथिन गोळीने अडवता येतं, मग ते पेशीतून पार काढून टाकायचा खटाटोप कशाला? तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

अडवायचं तर औषधाला प्रथिनाच्या कामाच्या खोबणीत बसून राहावं लागतं. पुष्कळ प्रथिनांना तशी खोबणच नसते. पण नकोशी प्रथिनं मोडायची सोय पेशीत मुळातच आहे. युबिक्विटिनची खूण लागली की प्रोटिएसोम प्रथिनाचे तुकडे करतो. या शोधाला 2004 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधीच, 2001 मध्ये, क्रूज आणि डेशेज या शास्त्रज्ञांच्या गटांनी पहिला ‘प्रोटॅक’ दाखवला होता. हा दोन टोकांचा रेणू. एका टोकाने नको ते प्रथिन धरतो, दुसऱ्याने खूण लावणारं ई-थ्री लायगेज. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा; एक जमलं की पुढच्या स्थळाकडे मोकळा. म्हणून थोड्या मात्रेतही बरंच काम होतं.

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे नमुन्यात एखादं प्रथिन किती आहे ते पट्ट्याच्या गडदपणावरून दाखवणाऱ्या चाचणीत, हे डोळ्यांना दिसतं. डावीकडून उजवीकडे मात्रा वाढत जाते तसा प्रथिनाचा पट्टा फिका होत जवळजवळ पुसला जातो, आणि सर्वांत मोठ्या मात्रेला पुन्हा गडद होतो! खालचा ॲक्टिन या नेहमीच्या प्रथिनाचा पट्टा मात्र सगळीकडे सारखा, म्हणजे नमुना सगळीकडे सारखाच भरलाय. नवीन मुलांना वाटतं, नमुन्यांची अदलाबदल झाली. तसं नसतं. मध्यस्थच इतके झाले की एक वराकडे, दुसरा वधूकडे, आणि दोघांची गाठच पडत नाही. याला हुक इफेक्ट म्हणतात.

आमच्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक थॅलिडोमाइडच्या कुळातलं असतं. हो, तेच. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचं औषध म्हणून विक्रीला आलं, गरोदर बायकांनी घेतलं, हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली, 1961 मध्ये ते मागे घेतलं गेलं. ते सेरेब्लॉनला, म्हणजे एका ई-थ्री लायगेजच्या भागाला, चिकटतं हे 2010 मध्ये कळलं. त्याचंच भावंड लेनालिडोमाइड मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना आज आधार देतं, कारण त्या कर्करोगाच्या पेशींना लागणारी इकारोस आणि आयोलोस ही प्रथिनं ते मोडायला लावतं. आणि गर्भाच्या वाढीला लागणारं सॅल-फोर हे प्रथिन थॅलिडोमाइडमुळे मोडतं, हे 2018 मध्ये दिसलं.

म्हणून हवं ते प्रथिन गेलं का, याइतकाच मला दुसरा तपास महत्त्वाचा वाटतो: सोबत आणखी काय गेलं? उंदरांचं सेरेब्लॉन जरा वेगळं असतं, त्यांच्यात थॅलिडोमाइडने ती व्यंगं दिसलीच नव्हती. तेव्हा सॅल-फोर टिकलं का, हे माणसाच्याच पेशींत पाहावं लागतं.