जुलैत तुम्ही एकच फेरी का मारता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पर्वतीवर सकाळी भेटणाऱ्या पाचसहा जणांनी तरी हे विचारलंय: "एरवी भराभर तीन फेऱ्या मारता, आणि ऐन कामाच्या महिन्यात एकच, तीही रमतगमत? ताण घालवायचा तर घाम जास्त गाळायला नको का?"

माझाही तोच समज होता. मी कर सल्लागार. ३१ जुलै जवळ आली की विवरणपत्रांचा ढीग, आणि अशील फॉर्म १६ पाठवणार तीस तारखेला. (तोही व्हॉट्सॲपवर, तिरका फोटो काढून.) काही वर्षांपूर्वी त्या दिवसांत मी ईर्षेने १०३ पायऱ्यांच्या पाच-पाच फेऱ्या मारायचे. धापा टाकत वर, धडाधड खाली. घरी येईपर्यंत बरं वाटायचं, पण रात्री दोनला डोळे टक्क उघडे. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा कुरकुरायला लागला आणि पुढे दोन महिने सगळंच बंद.

गुडघ्यासाठी गेले त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी झोप विचारली, गुडघा नंतर. दमवणारा व्यायाम हाही शरीराच्या लेखी ताणच; ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल तेव्हाही वाढतात. एरवी ते चांगलंच, कारण मागून विश्रांती मिळते, झीज भरून निघते, ताकद वाढते. पण झोपच पाच तासांवर आली तर भरून काढायचं कधी? आमच्या भाषेत सांगायचं तर जुना हप्ता थकलेला असताना मी रोज सकाळी नवं कर्ज उचलत होते.

म्हणून आता जुलैत एक फेरी. चढताना सोबतीशी बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. उतरताना चार पायऱ्या श्वास आत, सहा पायऱ्या बाहेर. नाडीवर बोट ठेवून शांत बसून बघा: श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. उच्छ्वास लांबवला की तो मंदपणा जरा जास्त वेळ मिळतो. पावसाने पायऱ्या निसरड्या असल्या की मात्र मोजणं सोडून फक्त पाय बघते! घरापासून घरापर्यंत पस्तीस मिनिटं होतात. आठवड्यातून पाच दिवस गेलं, तर जागतिक आरोग्य संघटना सांगते ती किमान १५० मिनिटं त्यातही भरतात.

ही अक्कल खरं तर घरातच होती. आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींमुळे मुलांना सूर्यनमस्कार घालावेच लागत. आजोबा रोज पंचवीस घालायचे. घरात लग्नकार्य किंवा आजारपण असलं की बारा. त्या दिवसांत पंचवीस नाहीत आणि शून्यही नाहीत. आम्ही मुलं म्हणायचो, आजोबांनी आज चुकारपणा केला.

ऑगस्ट लागला की माझी दुसरी फेरी सुरू होते. मुदतवाढ जाहीर झाली तर तीही पुढे जाते, आणि त्या सकाळी मी पायऱ्या मोजताना मधेमधे जे पुटपुटते, ते देवळाजवळ बोलण्यासारखं नसतं.